न छापलेला महिना

चूक मालकांची होती. माझी नव्हती, मशीनची नव्हती, शाईची नव्हती, आणि त्यांच्या धाकट्याची तर मुळीच नव्हती. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीत चूक कुणाची हे वय बघून ठरवतात. ज्याचे केस जास्त पांढरे, तो निर्दोष.

मी एक भिंतीवरचं कॅलेंडर बोलतोय. जन्मलो तेव्हा बारा पानांचा होतो, आज अकराच उरलीत. डोक्यावर टिनाची पट्टी, पट्टीला दोऱ्याचा फास. माझं वर्ष कधीच संपलं. तुमच्या लेखी मी रद्दी. असेन. पण आता मला कुणाच्या भिंतीची गरज नाही, तेव्हा कुणाची भीडही नाही.

माझा जन्म गल्लीच्या वळणावरच्या छापखान्यात झाला. एका अंगाला चर्चची भिंत, समोर बेकरी, बेकरीच्या मागे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर. खाली मशीन, वर मालकांचं बिऱ्हाड. दारावरच्या पाटीवर मालकांचं आडनाव आणि त्यापुढे ‘आणि मुलगा’. ही पाटी मालकांच्या वडिलांनी लावलेली. तेव्हा ‘मुलगा’ म्हणजे मालक स्वतः होते. आता ते वडील झाले आणि मुलगा झाला धाकटा. माणसं बदलली, अक्षरं तीच. छापखान्यात असंच असतं.

धाकट्यानं दोन वर्षं करून कॉलेज सोडलं होतं. सर वहीतलं वाचून दाखवतात, मुलं वहीत उतरवून घेतात, या व्यवहारात डोक्याची गरज दोन्हीकडे नाही, असं त्याचं म्हणणं. मालकांनी त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं. हाक मारायची झाली की “अर्धवट, शाई आण.” “अर्धवट, गिऱ्हाईक बघ.” तोही ओ द्यायचा. मला त्याचाच राग यायचा जास्त.

आता माझ्या अंगावर काय छापतात ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गल्लीत दोन धर्मांची घरं. म्हणून माझ्या चौकटींत चर्चचे सण लाल अक्षरांत आणि सिनेगॉगचे निळ्या. लाल सणांतला नाताळ म्हणजे सरकारी नोकर. पंचवीस डिसेंबर म्हणजे पंचवीस डिसेंबर, वार कुठलाही असो. ईस्टर तसा नाही. वसंतात दिवस आणि रात्र सारखे झाले की पुढची पौर्णिमा बघायची, आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार धरायचा. म्हणून तो कधी मार्चातच उगवतो, कधी एप्रिल संपत आला तरी वाट बघायला लावतो. आणि तो सरकला की सगळी वरात सरकते. आधीचा राखेचा बुधवार, मोठा उपवास, गुड फ्रायडे, नंतरचा पेंटेकॉस्ट, सगळे त्याच्या शेपटाला बांधलेले.

निळे सण चंद्राचं बोट धरून चालतात. महिना चंद्राच्या नव्या कोरीपासून, आणि दिवस सूर्यास्तापासून. सण उद्या असेल तर तो आज दिवेलागणीलाच घरात येऊन बसतो. त्यांचा वल्हांडण, म्हणजे गुलामीतून सुटकेचा सण, पौर्णिमेच्या सुमाराला. पण बारा चांद्रमहिने सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. असंच चालू दिलं तर वल्हांडण मागे मागे सरकत भर थंडीत जाईल, आणि त्यांच्या ग्रंथाचा हुकूम असा की तो वसंतातच यायला हवा. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी ते एक अख्खा महिना वाढवतात. वल्हांडणाच्या आधीचा अदार महिना त्या वर्षी दोनदा येतो. त्यांचा नाचगाण्याचा सण पुरीम तेव्हा दुसऱ्या अदारात, आणि वल्हांडण त्यानंतर महिन्यानं. वर्ष तेरा महिन्यांचं. यात न कळण्यासारखं काय आहे? मी शाळेत गेलो नाही, तरी मला कळतं.

मालकांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना विचारायचं नव्हतं.

माझं मार्चचं पान दोरीवर वाळत होतं त्या दिवशीची गोष्ट. धाकट्यानं ते पाहिलं आणि मशीन बंद केलं.

“बाबा, वल्हांडण मार्चात कसा?”

“कसा म्हणजे? आला.”

“गेल्या वर्षी एप्रिलच्या सहाला होता.”

“मग? अकरा दिवस अलीकडे घेतला. सव्वीस मार्च. चंद्राचं वर्ष अकरा दिवस तोकडं असतं. तुझे आजोबा असंच करायचे, मी असंच करतो. इतक्या वर्षांत कुणी बोट दाखवलंय?”

“यंदा त्यांचा महिना वाढलाय. अदार दोनदा आहे. समोरची मैदा सांगत होती.”

मैदा म्हणजे बेकरीवाल्याची मुलगी. लहानपणापासून बाहीला पीठ लागलेलं असायचं म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. आता ती परिचारिका विद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होती, तरी नाव काही धुऊन निघालं नाही.

मालक हसले. “दुष्काळात तेरावा महिना ऐकला होता. छापखान्यात आज ऐकतोय.”

“चेष्टा नाही करत मी.”

“मी पण नाही. इकडे बघ. ईस्टर एकतीस मार्चला. गुड फ्रायडे एकोणतीसला. आणि त्याच आठवड्यात मंगळवारी वल्हांडण. प्रभूचं शेवटचं भोजन कधीचं? वल्हांडणाचं. मग दोन सण सख्खे शेजारी असणार की एक इथे आणि एक गावाबाहेर?”

मला तेव्हाच ओरडून सांगायचं होतं, की शेजारी असले तरी दोघांची कुलपं वेगळी असतात. चर्च वसंतातली पहिली पौर्णिमा धरतं. सिनेगॉगनं महिना वाढवला असला की ते कधीकधी पुढची धरतं. बहुतेक वर्षं जुळतं, म्हणून यंदाही जुळेलच अशी खात्री फक्त वडीलधाऱ्या माणसांनाच वाटते. पण ओल्या शाईच्या पानाला कोण विचारतो.

टिनाच्या पट्ट्या ठोकत बसलेली ताई, म्हणजे धाकट्याची मोठी बहीण, मान वर न करता म्हणाली, “बाबा, पूर्वी बेकरीचे आजोबा यायचे ना दर वर्षी? तेच ही निळी अक्षरं तपासून द्यायचे. महिना वाढला की तेच सांगायचे.”

“ते चहा प्यायला यायचे,” मालक म्हणाले.

बेकरीचे आजोबा आदल्या उन्हाळ्यात वारले होते. इतकी वर्षं मालकांचा नियम बरोबर यायचा, तो त्या म्हाताऱ्याच्या चहाच्या कपावर. हे मालकांनाही माहीत होतं. पण चहा पाजणाऱ्याला वाटतं, आपणच काहीतरी दिलं.

“समोर जाऊन विचारून येतो,” धाकटा म्हणाला.

“कुठे जाणार नाहीस. तीन पिढ्यांचा छापखाना, आणि आता पाववाल्याला विचारून तारखा टाकायच्या? कॉलेज अर्धं सोडलंस. आता काम पण अर्धं सोडतोस का? मशीन चालू कर.”

धाकट्यानं मशीन चालू केलं. मी त्याला माफ केलंय, पण त्यानं स्वतःला केलेलं नाही.

मी पहिली तयार प्रत. मालकांनी मला खुर्चीमागे टांगलं. तिथून मला काउंटर दिसायचा. नाताळच्या आधी बेकरीवाला आपली प्रत न्यायला आला, मैदा सोबत होती. मालक दर वर्षी सगळ्या गल्लीला प्रत वाटायचे. बेकरीवाल्यानं पानं चाळली. मार्चवर थांबला. फेब्रुवारीकडे गेला, परत मार्चवर आला. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“अप्पा, हे तर...” मैदा म्हणाली.

“छान छापलंय,” बेकरीवाला म्हणाला आणि मला, म्हणजे माझ्या भावाला, गुंडाळून काखेत मारलं. दाराबाहेर जाऊन मुलीला म्हणाला ते मला उघड्या खिडकीतून ऐकू आलं. “मोठ्या माणसाला तोंडावर कशाला सांगायचं? आपलं पंचांग आपल्याकडे आहे. या कागदावर आपण डबे पुसू.”

घ्या. एकाला विचारायचं नाही, दुसऱ्याला सांगायचं नाही. दोघंही याला सभ्यपणा म्हणतात. आणि या दोघांच्या सभ्यपणाच्या मध्ये जो चिरडतो, त्याला म्हणतात, “तू लहान आहेस.”

जानेवारीत मालकांनी मला खुर्चीमागून काढलं आणि परिचारिका विद्यालयाच्या प्राचार्यबाईंना भेट दिलं. दोघं एकाच चर्चला जाणारे, एकाच बाकावर बसणारे. बाईंनी मला त्यांच्या टेबलासमोर टांगलं. खोली स्वच्छ, फिनेलचा वास, खिडकीतून इस्पितळाचं आवार दिसायचं. पांढऱ्या गणवेशातल्या मुली घाईघाईनं जायच्या आणि खिडकीखाली आल्या की हळू व्हायच्या.

बाई वाईट नव्हत्या. हे मला कबूल करावं लागतं, आणि कबूल करताना त्रास होतो. परीक्षेचं वेळापत्रक लावायला त्या लाल पेन्सिल घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “कुणाच्या धर्माला धक्का नको,” त्या शिपायाला म्हणाल्या. “मी दोन्ही बाजू बघते.” त्यांनी ईस्टरचा अख्खा आठवडा सोडला. माझ्या निळ्या अक्षरांवर विश्वास ठेवून वल्हांडणासाठी सव्वीस मार्चपासूनचे दिवसही सोडले. मग एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत लेखी पेपर टाकले. शस्त्रक्रिया विभागाचा पेपर, मंगळवार, तेवीस एप्रिल. आणि परीक्षा मंडळाला कागद पाठवला, की हे वेळापत्रक आमच्या गल्लीच्या छापील कॅलेंडरप्रमाणे दोन्ही धर्मांचे सण सोडून केलेलं आहे.

वर्गात सिनेगॉगच्या बाजूच्या तीन मुली होत्या. त्यांतली एक मैदा. त्यांना बाईंनी काही विचारलं नाही. विचारायचं कशाला, मी होतो ना भिंतीवर.

सव्वीस मार्च उजाडला. बाईंनी तिघींना सुट्टी देऊन ठेवली होती. तिघी वेळेवर हजर. बाईंनी मैदाला खोलीत बोलावलं.

“आज तुमचा सण. घरी नाही गेलात?”

“नाही मॅडम. परवा रविवारी आमचा पुरीम झाला. वल्हांडण त्यानंतर महिन्यानं. तेवीस एप्रिलला.”

“तेवीसला तुमचा पेपर आहे.”

“तेच सांगायला येणार होते. त्या दिवशी आम्हाला लिहिता येत नाही मॅडम. आदल्या संध्याकाळी सण लागतो, पुढचे दोन दिवस हातात पेन धरायचं नाही.”

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. “इथे आज छापलंय.”

“चुकीचं छापलंय.”

“छापलेलं चुकीचं, आणि परीक्षेला महिना राहिलेली मुलगी सांगते ते बरोबर?”

“सिनेगॉगचं पत्र आणते मॅडम.”

“आणशील. आणि मंडळ म्हणेल, पेपर चुकवायला आणलं. वेळापत्रक या कॅलेंडरवरून केलंय असं मी लेखी दिलंय. चूक झाली असेल तर ज्यानं छापलं त्यानं कबूल करावं. मुद्रकाची सही आण, मी त्याच दिवशी मंडळाकडे जाते. नाहीतर पेपर पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते मैदाला माहीत होतं. समोरच्याच इस्पितळात शस्त्रक्रिया विभागात जागा रिकामी होत होती, ती उत्तीर्ण झालेल्या मुलीला उन्हाळ्यात मिळणार होती. पुढच्या वर्षी ती जागा भरलेली असणार आणि मैदा बेकरीत पीठ चाळत असणार. ती रडली नाही. “बरं मॅडम,” म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला आला. मला वाटलं, आता हा बाप टेबलावर हात आपटेल. त्यानं काय केलं असेल? हात जोडले.

“राहू द्या मॅडम. पोरगी पुढच्या वर्षी पेपर देईल. सण काही पुढे ढकलता येत नाही, आणि छापखानेवाल्यांना मी काय सांगणार? शेजारधर्म आहे.”

“तुम्ही डिसेंबरात बघितलं होतं का हे?” बाईंनी विचारलं.

“बघितलं होतं.”

“आणि?”

“आणि काय मॅडम. मोठी माणसं.”

शेजारधर्म. मुलीचं वर्ष जातंय आणि हा शेजारधर्म सांभाळतोय. कागद असून मला संताप आला. मी फडफडलो, तर बाईंनी उठून खिडकी लावली.

ईस्टर झाला आणि सोमवारी धाकटा आला. मैदा त्याच्या मागे दारातच थांबली होती. तो बसला नाही. शर्टाला शाई, केस विस्कटलेले, बाईंच्या खोलीत असा माणूस फक्त नळ दुरुस्त करायला येत असेल.

“ती चूक आमची आहे,” तो म्हणाला. “कुठे सही करायची?”

“तू कोण?”

“छापखान्याचा मुलगा.”

“कॉलेज सोडलेला तो?”

“सोडलेलाच. सही करता येते मला.”

बाईंनी फोन उचलला. “तुझ्या वडिलांना बोलावते. मुद्रक ते आहेत.”

मालक इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाईंना नमस्कार केला, मुलाकडे पाहिलं नाही. बाईंनी सगळं सांगितलं. मालकांनी माझ्याकडे नजर टाकली, जशी लग्नात न बोलावलेल्या नातेवाइकाकडे टाकतात.

“चूक नाही,” ते म्हणाले.

“बाबा, ईस्टरच्या आधीच्या रविवारी त्यांचा पुरीम झाला. वल्हांडण त्यानंतर महिन्यानं येतो. सगळ्या गल्लीनं बघितलं.”

“मी नाही बघितलं.”

“खिडकी उघडली असती तर दिसला असता. समोरच नाचत होते.”

“बाई, हा मुलगा बारा महिने घरात बसून असतो. त्याला काहीतरी करून दाखवायचंय. माझ्या वडिलांच्या काळापासून हे कॅलेंडर निघतं. आज मी लिहून दिलं की चुकलं, तर उद्या लग्नपत्रिका कोण देईल आमच्याकडे? उद्या चर्चची पत्रकं कोण देईल?”

“आणि हिचं वर्ष?” धाकट्यानं दाराकडे हात केला.

मालकांनी मैदाकडे पाहिलं. तिला त्यांनी रांगती असल्यापासून पाहिलं होतं. म्हणाले, “पोरी, वर्ष काय, येतं आणि जातं.”

बाईंनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली.

“काका,” मैदा दारातून म्हणाली, “तुमच्या छापखान्यात येतं आणि जातं. माझं गेलं की परत येत नाही.”

“बापाला विचार आधी. तो काय म्हणतो?”

“ते पण तुमच्यासारखंच म्हणतात.”

धाकटा माझ्यापाशी आला. मला खिळ्यावरून काढलं, टेबलावर आडवं टाकलं, आणि माझ्या सगळ्यात शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. कुणी वाचत नाही, पण कायद्यानं छापावं लागतं. मुद्रक म्हणून मालकांचं आडनाव आणि पुढे ‘आणि मुलगा’.

“हा मी,” तो म्हणाला. “आजोबांनी छापलं तेव्हा हे तुम्ही होता. आता मी आहे. मॅडम, मुद्रकाची सही पाहिजे ना? मुद्रक दोन आहेत. एक नाही म्हणतोय, एक हो म्हणतोय. हो म्हणणाऱ्याची चालेल का?”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “चालेल.”

“सही केलीस,” मालक म्हणाले, आवाज अजिबात चढला नव्हता, “तर वर यायचं नाही. खाली पण यायचं नाही.”

“आईला सांगा, माझे कपडे ताईकडे दे म्हणावं.”

त्यानं माझं एप्रिलचं पान वर काढलं. बाईंचीच लाल पेन्सिल घेतली. तेवीसच्या चौकटीत लिहिलं, ‘वल्हांडण. मार्चात छापलं ती आमची चूक. यंदा महिना वाढला होता, तो आम्ही धरला नाही.’ खाली सही. अक्षर वाकडं, पण एकही खाडाखोड नाही.

मालकांनी ते वाचलं. मला वाटलं, आता तरी. माणूस स्वतःची चूक समोर स्वच्छ अक्षरांत लिहिलेली बघतो तेव्हा काहीतरी होत असेल. झालं काहीच नाही. ते बाईंना म्हणाले, “रविवारी भेटू,” आणि निघून गेले.

मंडळाला पुरावा हवा होता म्हणून बाईंनी ते पान पट्टीपासून फाडून घेतलं. दुखलं. खोटं कशाला बोलू. पण बारा पानांत खरं बोलणारं तेवढं एकच पान होतं आणि ते कामाला गेलं, याचा मला आजही माज आहे. उरलेला मी बाईंनी धाकट्याच्या हातात दिला. “हे घेऊन जा. माझ्या भिंतीवर आता नको.” चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

तेव्हापासून मी धाकट्याच्या खोलीत आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, खालून दिवसभर हवा भरण्याचा आवाज. तो दुसऱ्याच्या छापखान्यात कागद कापतो. तिथल्या पाटीवर कुणाचाच मुलगा नाही, कंपनी आहे.

वल्हांडणाच्या आठवड्यात मैदा आली होती. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

“मंडळानं तारीख दिली. सण संपल्यावर, मे महिन्यात. तिघींचा वेगळा पेपर.”

“अभ्यास झाला का?”

“झाला. आभार मानायला आले.”

“चूक आमची होती. आभार कसले?”

“मग शिव्या देऊ?”

“पाव दे त्यापेक्षा. इतक्या दिवसांत बेकरीतला पाव खाल्ला नाही.”

“सणात पाव? आठवडाभर घरात खमिराचा कण नाही. भट्टी थंड आहे. हे बेखमीर आणलंय. पत्रा चावल्यासारखं लागेल.”

त्यानं चावून पाहिलं. “पत्रा बरा.”

ती हसली. थोडा वेळ बसली. जाताना म्हणाली, “अप्पा म्हणतात, तू बापाचा मान ठेवायला हवा होतास.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, तुम्ही मुलीचा ठेवायला हवा होतात.”

ती उत्तीर्ण झाली. तिला ती जागा मिळाली. आता तिची पाळी कधी दिवसा असते, कधी रात्री, आणि या बाजूला येणं होत नाही. कुणाच्या मनात आणखी काही होतं का, ते मला माहीत नाही. मी कॅलेंडर आहे, भविष्य सांगणारा पोपट नाही.

नवं वर्ष लागायच्या आधी ताई आली. हातात माझा धाकटा भाऊ, म्हणजे पुढच्या वर्षाचं कॅलेंडर. दोघं भावंडं जमिनीवर बसून पानं उलटत होती.

“यंदा सगळं बरोबर आहे,” ताई म्हणाली. “बघ. वल्हांडण तेरा एप्रिलला, त्याच दिवशी आपला झावळ्यांचा रविवार, आणि पुढच्या रविवारी ईस्टर. बाबांनी मला बेकरीत पाठवलं होतं विचारायला. एकदा नाही, दोनदा. छापायच्या आधी एकदा आणि प्रूफ घेऊन एकदा.”

“मग कळलंय त्यांना.”

“कधीचंच कळलंय.”

“मग मला का नाही बोलावत?”

ताईनं पान मिटलं. “तू चुकला असतास तर कधीच बोलावलं असतं रे. तू बरोबर होतास.”

शेवटच्या पानाच्या तळाशी त्यानं बघितलं की नाही, मला दिसलं नाही. मी बघितलं. आडनावापुढे पूर्णविराम होता.

मग ताईनं आपल्या लग्नाचं सांगितलं. मुलगा चर्चच्या शाळेत शिकवतो. उपवासाच्या दिवसांत लग्न लावत नाहीत, म्हणून ईस्टरनंतरचा शनिवार धरलाय. सांगताना ती माझ्याकडे बघत होती, भावाकडे नाही. पत्रिका तिनं आणली नव्हती. त्यानं मागितली नाही.

आता निरोपाचं बोलतो. आमच्यासारख्यांनी शेवटी हात जोडून विनवणी करायची असते, मला वाचवा, मला जपा. मी हात जोडणार नाही. मला जाळा, डबे पुसा, पुड्या बांधा. पण कुणाच्या सणाची तारीख टाकायची असेल तर ज्याचा सण आहे त्याच्या दारात जा आणि विचारा. तुमच्या बापजाद्यांचा नियम खिशात ठेवा. विचारताना मान खाली गेली तर जाऊ द्या, ती तुटत नाही. आणि समोरच्याची चूक दिसली तर मिशीत हसू नका, तोंड उघडा. पोरांना अर्धवट म्हणणाऱ्यांनो, तुमचं पूर्ण काय आहे ते एकदा छापून दाखवा.

धाकटा चुकला का? नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सही करेल का? करेल. मी त्याच्या बाजूला होतो आणि आजही आहे, अकरा पानांनिशी.

परवा शनिवारी ताईचं लग्न झालं. त्याला बोलावणं नव्हतं. त्या एका सहीपायी त्याचं घर गेलं, बाप गेला, आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नाला त्याला जाता आलं नाही.